हाय लाइन टिकणार का? बार्सा-रिअलचा फॉर्म आणि ऑफसाइडची जुनी मुळं

पार्कचौक_पिव्होट
२०२५ च्या २६ ऑक्टोबरला रिअलनं बार्साला २-१ नं हरवलं, तेव्हापासून आपल्या ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एक गट म्हणतो बार्साचा कोच फ्लिक याची हाय लाइन (बचावफळी आपल्या गोलपासून खूप पुढे उभी करायची पद्धत) फुटली, आता सगळ्यांना किल्ली सापडली. दुसरा म्हणतो निम्मी टीम जखमी होती, त्या सामन्यावरून काही ठरवू नका. दोन्ही बाजूंनी नुसता आवाज चाललाय, म्हणून आकडे मांडतो.

२०२४-२५ मध्ये चार क्लासिको (बार्सा-रिअल सामने) झाले आणि चारही बार्सानं जिंकले: रिअलच्या बर्नाबेउ मैदानावर ४-०, सुपर कपच्या फायनलला ५-२, कोपा देल रेच्या फायनलला जादा वेळेत ३-२, आणि मे महिन्यात लीगमध्ये ४-३. एकूण १६ गोल केले, ७ खाल्ले. त्या ४-० च्या सामन्यात रिअल १२ वेळा ऑफसाइड सापडली, त्यातला एम्बापे एकटा ८ वेळा.

यंदाचं बघा. पीएसजीकडून घरच्या मैदानावर २-१ हार, चार दिवसांनी सेव्हियाकडून ४-१, मग क्लासिको २-१, आणि ५ नोव्हेंबरला क्लब ब्रुजशी ३-३. लाइन तीच, कोच तोच. मग बदललं काय? मागचे चार जण बिघडले, की त्यांच्या पुढचे सहा? माझं मत पुढच्या सहांकडे झुकतं, पण ज्यांना बचाव कळतो त्यांनी बोलावं.

सातरस्ता_माद्रिदिस्ता
मालक, रिअलला श्रेय द्या की थोडं. रिअलचा तेव्हाचा कोच शाबी अलोन्सोनं त्या दिवशी आर्दा ग्युलेर, चुआमेनी आणि बेलिंगहॅमच्या जोडीला कामाविंगाला उतरवलं. कागदावर तो उजवीकडे होता, प्रत्यक्षात आत सरकत होता, त्यामुळे मधल्या पट्ट्यात रिअलचा एक माणूस कायम जादा. व्हाल्वेर्दे राइट बॅकला. एम्बापेचा २२ व्या मिनिटाचा गोल परत लावून बघा. बेलिंगहॅमकडे चेंडू आला तेव्हा त्याच्या अंगावर कोणीच नव्हतं. मान वर करून बघायला त्याला पूर्ण वेळ मिळाला, पास दोन बचावपटूंच्या मधून गेला आणि एम्बापे लाइनच्या बरोबरीनं सुटला. त्याच्या आधी एम्बापेचाच एक गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाला होता. म्हणजे धाव तीच होती, दुसऱ्या वेळी फक्त वेळ जुळली.

आणि जखमींचं सांगत असाल तर २०२४-२५ मध्ये रिअलचे बचावपटू कार्वाहाल आणि मिलिताओ, दोघांचेही गुडघे गेले होते. क्रूस निवृत्त झाला होता. चुआमेनीला सेंटर बॅकला खेळवायची वेळ आली होती. तेव्हाच्या १६ गोलांचा हिशोब मांडताना हे कोणी बोलत नाही.

होटगीरोड_स्टॉपर
दोघांचंही अर्धं बरोबर आहे, पण मुद्द्याचा माणूस कोणीच घेतला नाही. इनिगो मार्टिनेझ.

बार्साचा हा सेंटर बॅक ऑगस्टमध्ये अल नसरला गेला. गेल्या मोसमात लाइनला आवाज द्यायचं काम त्याचं होतं. डावा पाय, वय झालेलं, वेग कमी, तरीही ती लाइन त्याच्यावर उभी होती, कारण कधी चढायचं आणि कधी थांबायचं हे तो ठरवायचा आणि जोडीचा सेंटर बॅक कुबार्सी त्याच्याकडे बघून हलायचा. आता कुबार्सीच्या जोडीला कधी एरिक गार्सिया, कधी दुसरा कोणी. चौघांपैकी तिघं चढतात, चौथा अर्ध्या सेकंदानं. त्या अर्ध्या सेकंदात एम्बापेसारखा खेळाडू तीन-चार मीटर घेतो.

पण पिव्होटनं पुढच्या सहांबद्दल जे म्हटलंय ते मुळाशी आहे. हाय लाइनचा पहिला बचावपटू सेंटर फॉरवर्ड असतो. चेंडू असलेल्या माणसाला मान वर करू द्यायची नाही, मग पाठीमागे ४० मीटर मोकळं असलं तरी पास अचूक पडत नाही. क्लासिकोला राफिन्हा नव्हता आणि लेवांडोव्स्कीही नव्हता. राफिन्हा धावून धावून दाब टाकतो, तो गेला की डावीकडचा पहिला दाबच गेला. रॅशफर्डनं फेर्मिनला गोल काढून दिला हे खरं, पण चेंडू गेल्यावर परत तुटून पडायची राफिन्हाची सवय त्याला नाही. बेलिंगहॅमला जो मोकळा वेळ मिळाला तो इथून आला. लाइन फुटली हा परिणाम झाला, कारण पुढे होतं.

जुनी_पानं
हा वाद तसा १६२ वर्षं जुना आहे. लाइन आणि नियम एकमेकांना ढकलत आलेत, म्हणून मागचं थोडं सविस्तर लिहितो. आजच्या हाय लाइनची ताकद आणि भीती दोन्ही त्यात दिसतात.

२६ ऑक्टोबर १८६३ ला लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही क्लबांचे प्रतिनिधी बसले आणि फुटबॉल असोसिएशन जन्माला आली. यंदाचा क्लासिको नेमका त्याच तारखेला पडला. एबेनेझर मॉर्ली पहिला सेक्रेटरी. ८ डिसेंबरपर्यंत सहा बैठका झाल्या आणि १३ नियम ठरले. भांडण दोन गोष्टींवर पेटलं: चेंडू हातात घेऊन पळणं, आणि समोरच्याच्या नडगीवर लाथ मारणं. दोन्ही काढून टाकायचं ठरल्यावर ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला. पुढे १८७१ ला रग्बी युनियन स्थापन झाली तेव्हा हाच क्लब तिथे होता.

ऑफसाइडचा मूळ नियम आज वाचला तर ओळखू येणार नाही. चेंडू मारणाऱ्याच्या पुढे, म्हणजे समोरच्या गोलरेषेच्या जवळ, असलेला त्याचा कोणताही साथीदार खेळातून बाद. बचावपटू किती आणि कुठे आहेत याचा प्रश्नच नाही. याचा अर्थ पुढे पास हा प्रकारच नव्हता. एकानं चेंडू पायात घेऊन मान खाली घालून घुसायचं आणि बाकीच्यांनी मागून धावायचं, तो पडला की दुसऱ्यानं चेंडू उचलायचा. आठ-आठ फॉरवर्ड घेऊन खेळायची पद्धत यातून आली. गोलला आडवा बारही नव्हता, ८ यार्डांवर दोन खांब आणि वर कितीही उंच गेला तरी गोल. बार सगळीकडे सक्तीचा व्हायला १८८२ उजाडलं, जाळी आणि पेनल्टी १८९१ ला आली.

मोठा बदल १८६६ चा. समोरच्या गोलरेषेकडे तुमच्यापुढे किमान तीन विरोधी खेळाडू असतील तर तुम्ही ऑनसाइड. गोली धरून तीन. या एका वाक्यानं पुढे पास देणं कायदेशीर झालं. तरी इंग्लंडवाले बराच काळ जुन्या सवयीनंच खेळत राहिले. ३० नोव्हेंबर १८७२ ला ग्लासगोजवळ हॅमिल्टन क्रेसेंटवर पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे. मागे दोन, मध्ये दोन, पुढे सहा असे उभे राहिले आणि जोडीजोडीनं पास देत खेळले. अंगानं इंग्लंड जड होतं. निकाल ०-०, पण ज्यांनी तो खेळ बघितला त्यांना पासिंगचा उपयोग कळला.

शेफील्डला विसरू नका. शेफील्ड एफसी १८५७ चा, आज चालू असलेल्या क्लबांत सर्वांत जुना. त्यांचे स्वतःचे वेगळे नियम होते, आणि ऑफसाइडच्या बाबतीत ते लंडनपेक्षा कितीतरी सैल होते.

विजापूररोड_विंगर
तीनचे दोन कधी झाले? आणि तीन असताना ट्रॅप, म्हणजे लाइन पुढे सरकवून फॉरवर्डला ऑफसाइडमध्ये अडकवणं, सोपं होतं की अवघड?

जुनी_पानं
१९२५ ला झाले. आणि तीन असताना ट्रॅप फारच सोपा होता, म्हणूनच बदलावा लागला.

हिशोब असा. तेव्हा मागे दोन फुल बॅक आणि गोली. फॉरवर्डला ऑनसाइड राहायला तिघंही पुढे हवेत. म्हणजे एक फुल बॅक जरी पुढे सरकला तरी फॉरवर्ड ऑफसाइड. दुसरा फुल बॅक आरामात मागे उभा. ट्रॅप चुकला तरी तो आहेच सांभाळायला. फायदा पूर्ण, धोका जवळजवळ शून्य. न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन यात इतका तरबेज झाला की प्रेक्षक चिडायचे. बाकीचे क्लब शिकले, आणि खेळ मैदानाच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात अडकला.

१९२५ ला तीनचे दोन केले. इंग्लंडच्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये १९२४-२५ ला ४६२ सामन्यांत १,१९२ गोल झाले होते. पुढच्याच मोसमात तितक्याच सामन्यांत १,७०३. सामन्याला २.५८ वरून ३.६९. नियमातला एक आकडा बदलल्यावर एवढा फरक.

हर्बर्ट चॅपमन त्याच वर्षी आर्सेनलला आला होता. ३ ऑक्टोबर १९२५ ला न्यूकॅसलनं आर्सेनलला ७-० नं धुतलं. त्यानंतर चार्ली बुकनच्या आग्रहावरून सेंटर हाफला ओढून दोन फुल बॅकच्या मध्ये उभं केलं. पुढच्या सामन्यात वेस्ट हॅमला ४-० नं हरवलं. तिथून तीन बॅकची पद्धत रुजली आणि डब्ल्यू-एम (या दोन अक्षरांसारखी दिसणारी खेळाडूंची मांडणी) तयार झालं. १९३०-३१ ला आर्सेनल पहिल्यांदा लीग चॅम्पियन.

आता फ्लिककडे या. १९२५ नंतर ट्रॅप चुकला की पाठीमागे फक्त गोली उरतो. मॅक्रॅकनकडे विमा होता, कुबार्सीकडे नाही. म्हणून विमा पुढे, प्रेसिंगमध्ये शोधावा लागतो. स्टॉपरनं जे म्हटलंय त्याचं मूळ या नियमात आहे.

सातरस्ता_माद्रिदिस्ता
सुंदर लिहिलंय सर. यावरून एक लक्षात येतं. २९ जुलै १९११ ला मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला आयएफए शील्डच्या फायनलला २-१ नं हरवलं, तो सामना तीनच्या नियमावर झाला. अकरातले दहा अनवाणी, समोर बूट घातलेले सैनिक, आणि ऑफसाइडचा नियम इतका कडक. शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांचे ते दोन गोल या दृष्टीनं बघितले की त्यांची किंमत आणखी वाढते.

जुनी_पानं
अगदी. आणि आपल्याकडच्या स्पर्धाही इंग्लंडच्या फार मागे नाहीत. ड्युरँड कप १८८८ ला शिमल्यात सुरू झाला, त्याच वर्षी इंग्लंडची फुटबॉल लीग. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ चा, म्हणजे पेनल्टीच्या नियमाच्याच वयाचा.

शिट्टी_सोलापूर
नियमाचा विषय निघालाय तर आजचा नियम नीट लिहून ठेवतो, कारण स्थानिक सामन्यात दर रविवारी यावरूनच हमरीतुमरी होते.

समोरच्या हाफमध्ये असताना डोकं, धड किंवा पाय यांचा कोणताही भाग चेंडूपेक्षा आणि शेवटून दुसऱ्या विरोधी खेळाडूपेक्षा गोलरेषेच्या जवळ असेल तर ऑफसाइड पोझिशन. हात आणि दंड मोजत नाहीत, काखेच्या खालच्या टोकापर्यंतचा हात सोडून द्यायचा. बरोबरीत असेल तर ऑनसाइड, हे १९९० पासून. शेवटून दुसरा म्हणताना गोली त्यात येतोच असं नाही. गोली कॉर्नरला वर गेला असेल तर दोन साधे बचावपटू मोजायचे. गोल किक, थ्रो-इन आणि कॉर्नरवरून थेट चेंडू मिळाला तर ऑफसाइड नाही.

नुसतं त्या जागी असणं गुन्हा नाही. खेळात भाग घेतला, अडथळा केला, किंवा तिथे असल्याचा फायदा उठवला तरच शिट्टी. आणि क्षण कोणता? पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागला तो. चेंडू पोहोचला तो नव्हे. कडेनं ओरडणारे निम्मे लोक चेंडू पोहोचल्यावरचं चित्र बघून ओरडतात.

डोळ्याचीही अडचण आहे. फॉरवर्ड गोलकडे धावतोय, बचावपटू उलट्या दिशेनं चढतोय. लाइनमननं पास देणाऱ्याकडे बघून नजर लाइनवर आणेपर्यंत दोघांमध्ये दीड-दोन मीटर अंतर पडतं आणि जो क्षणभर आधी बरोबरीत होता तो पुढे दिसतो. स्पॅनिश लीगमध्ये २०२४-२५ पासून ऑफसाइड ठरवणारी अर्धस्वयंचलित यंत्रणा आली, तिला ही चूक होत नाही. फ्लिकची लाइन तिच्यावर विसंबून आहे. हे तंत्र नसलेल्या मैदानावर तसाच ट्रॅप लावणं म्हणजे सामना लाइनमनच्या नजरेवर सोपवणं. आणि लाइनमन क्लबचाच असेल तर पंच त्याला फक्त चेंडू बाहेर गेला का एवढंच विचारतात. मग ऑफसाइड मध्यावरून एकटा पंच बघणार. अशा सामन्यात ट्रॅप लावूच नका.

विजापूररोड_विंगर
आमच्या टीमच्या पोरांनी यूट्यूब बघून हाय लाइन सुरू केली आहे. डिसेंबरच्या स्पर्धेला न्यूट्रल लाइनमन असतील असं कळलंय. तयारी कशी करून घ्यायची?

होटगीरोड_स्टॉपर
डिसेंबरचीच तारीख धरून चाला, जानेवारीवर ढकलू नका. गड्ड्याच्या जत्रेच्या काळात होम मैदान मिळत नाही.

पहिले दोन दिवस चेंडूच घेऊ नका. चौघांना आडव्या रेषेत उभं करा, दोघांमध्ये ८ ते १० मीटर. एकच माणूस आवाज देणार, शक्यतो ज्याला दोन्ही बाजू दिसतात तो सेंटर बॅक. शब्द दोनच ठेवा, "चढ" आणि "थांब". चढायचं ते ६-८ पावलं जोरात, मग लगेच आडवं उभं राहायचं, एक खांदा आपल्या गोलकडे आणि एक समोर. छाती पूर्ण पुढे ठेवून उभा राहिला की मागे वळायलाच त्याचा एक सेकंद जातो.

मग चेंडू. मध्ये तीन खेळाडू आपसात पास देतील, पुढे दोन फॉरवर्ड धावा घेतील. चढायचे प्रसंग ठरलेले हवेत: चेंडू मागे गेला, घेणाऱ्याची पाठ आपल्या गोलकडे आहे, किंवा आपण चेंडू लांब मारला आणि तो हवेत आहे. चेंडू असलेला माणूस मोकळा आहे, मान वर आहे आणि पाय मागे गेलाय, तर चढायचं नाही, उलट तीन-चार पावलं मागे पडायचं. पोरं नेमकी इथे चुकतात. यूट्यूबवर लाइन चढलेली दिसते, पण त्याआधी पुढच्यानं दाब टाकलेला कॅमेऱ्याबाहेर राहतो.

तिसऱ्या टप्प्यात तुमचा फॉरवर्ड आणि दोन मिडफिल्डर घाला. चेंडू समोरच्याकडे गेल्यापासून दोन सेकंदांत एकजण अंगावर पोहोचला पाहिजे. पोहोचला तर लाइन चढेल, नाही पोहोचला तर मागे. २० मिनिटांपेक्षा जास्त घेऊ नका, दमलेली लाइन वाकडी होते.

बिघडतं कुठे तेही सांगतो. सर्वांत जास्त वेळा लांबच्या बाजूचा फुल बॅक मागे राहतो, कारण तो चेंडूकडे बघत असतो. एकटा तो सगळ्यांना ऑनसाइड करतो. त्यानं चेंडूआधी शेजारच्या सेंटर बॅककडे बघायची सवय लावा. दुसरं, लाइन फॉरवर्डला पकडते, पण मागून धावत येणारा मिडफिल्डर पकडला जात नाही, तो पास सुटताना लाइनच्या अलीकडेच असतो. त्याला तुमच्या मिडफिल्डरनंच सोबत न्यायचं. तिसरं, हात वर करून पंचाकडे बघत उभं राहणं. शिट्टी वाजेपर्यंत धावायचं, हात नंतर.

गोली_नंबर_एक
गोलीशिवाय ही चर्चा अपुरी आहे. ५-२ च्या सुपर कप फायनलला बार्सा पुढे असताना एम्बापे लाइनमागे सुटला, बार्साचा गोली श्चेन्स्नी बाहेर आला, त्यानं एम्बापेला पाडलं आणि रेड कार्ड मिळालं. बदली गोली इनाकी पेन्याला आणावं लागलं आणि त्या फ्री किकवर रॉद्रिगोनं गोल केला. हाय लाइनचा गोली उशिरा निघाला की किंमत एवढी मोठी. यंदा गोली होआन गार्सिया जखमी झाल्यावर पुन्हा श्चेन्स्नीच उभा होता. शॉट तो उत्तम अडवतो, क्लासिकोत एम्बापेची पेनल्टीही अडवली. पण लाइनमागची जागा झाडणं हे वेगळं काम आहे.

तुमच्या टीमसाठी अंदाज द्यायचा तर लाइन आपल्या गोलपासून ३५ मीटरवर असेल तेव्हा गोली १५ ते १८ मीटरवर, म्हणजे पेनल्टी एरियाच्या रेषेच्या आसपास हवा. समोरच्यानं लांब मारायला पाय मागे घेतला की एक छोटी उडी आणि वजन पंजांवर. निघायचं तर पास सुटल्या क्षणी, नाही तर निघायचंच नाही. मधेच थांबलेला गोली डोक्यावरून गोल खातो.

आपल्या मैदानाचं गणित वेगळं आहे. आत्ता कडक मुरमावर लाइनमागे पडलेला चेंडू पहिल्या टप्प्याला उंच उडतो आणि मग सुसाट गोलीकडे येतो. लांबचा पास गोलीला मिळतो, पण वळणारा बचावपटू पहिल्या टप्प्याला फसतो, म्हणून त्याला टप्प्याआधी पाय घालू देऊ नका. पावसाळ्यात काळ्या मातीत उलटं. चेंडू लाइन आणि गोली यांच्या मध्ये थबकतो आणि फॉरवर्ड तिथे आधी पोहोचतो. चिखल असेल तर लाइन ८-१० मीटर खाली घ्या.

चेंडूची हवाही तपासा. नियमात ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर चालते. सकाळी गारव्यात ०.८ भरली आणि दुपारी चेंडू उन्हात २० अंशांनी तापला की ती ०.९ च्या वर जाते, टप्पा आणखी वाढतो. मुरमावर ०.७ पुरे, आणि चेंडू सावलीत ठेवा.

सातरस्ता_माद्रिदिस्ता
गोलीचा मुद्दा मान्य. फॉर्मबद्दल एक भर घालतो, नाही तर म्हणाल रिअलचं कौतुकच करतोय. सप्टेंबरच्या शेवटी आत्लेतिकोनं रिअलला ५-२ नं हरवलं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला लिव्हरपूलकडे १-० हार झाली. पुढे येऊन अंगावर खेळणाऱ्या टीमसमोर रिअल अजून डगमगते. क्लासिकोनंतर लीगमध्ये पाच गुणांची आघाडी होती, पण मोसम लांब आहे.

पार्कचौक_पिव्होट
म्हणजे स्टॉपर आणि सरांचं धरून माझं गणित असं. राफिन्हा परतल्यावर पहिले पाच-सहा सामने बघायचे. चेंडू असलेल्या विरोधी खेळाडूवर दोन सेकंदांत कोणी पोहोचतंय का, एवढंच मोजायचं. पोहोचत असूनही गोल खाल्ले, तर दोष मागच्या चौघांत आणि मार्टिनेझची जागा भरावी लागेल. नसतील पोहोचत तर ब्रुजसारखे ३-३ आणखी होतील. पुढच्या सामन्यापासून मोजणी इथेच टाकतो. विंगर, तुमच्या पोरांची मोजणीही टाका, पहिल्या हाफची वेगळी आणि दुसऱ्याची वेगळी.